रोज साडेपाच मिनिटं

"दादा, ऑगस्टमध्ये तिकडे थंडी किती असते हो? जाकीट किती जाड घेऊ?"

फिनलंडला जायचं नक्की झालं की प्रत्येक ज्युनिअर मला हा एकच प्रश्न विचारतो. मास्टर्सला निघालेला असो, एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजला निघालेला असो, नाहीतर कॉन्फरन्सला निघालेले आपले एखादे सर असोत. (सरांचा पहिला प्रश्न शाकाहारी जेवणाचा असतो, थंडीचा दुसरा.) मी ताम्पेरे नावाच्या गावात दोन वर्षं काढली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. उत्तरही सोपं आहे. दुपारी २० अंशांच्या आसपास, रात्री १० च्या आसपास. डिसेंबरात सकाळी मेसच्या लाइनीत जो स्वेटर घालून उभे राहता तोच ऑगस्टला पुरतो. झालं, विषय संपला!

पण खरं सांगू का, प्रश्न थंडीचा विचारूच नये. विचारायचा तो उजेडाचा. सूर्य मावळतो किती वाजता? आणि पुढच्या आठवड्यात किती वाजता मावळेल? तिथला उन्हाळा संपतो तो थर्मामीटरवर नंतर दिसतो, घड्याळावर आधी दिसतो. हे ज्याला कळलं त्याचा ऑगस्ट कारणी लागतो. ज्याला कळत नाही तो नोव्हेंबरात कोपऱ्यात बसतो. त्या कोपऱ्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी आकडे. ताम्पेरे साधारण साडेएकसष्ट अंश उत्तर अक्षांशावर आहे. १ ऑगस्टला तिथे सूर्य पहाटे पाचच्या जरा आधी उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. म्हणजे दिवस सव्वासतरा तासांचा. ३१ ऑगस्टला सूर्योदय सव्वासहाला आणि सूर्यास्त साडेआठनंतर, दिवस सव्वाचौदा ते साडेचौदा तासांचा. एका महिन्यात जवळजवळ पावणेतीन तास गायब! दिवसाला साडेपाच मिनिटं. आता आपल्या पुण्याचं बघा. १ ऑगस्टला दिवस साधारण तेरा तासांचा, ३१ ला साडेबारा तासांचा. अख्ख्या महिन्यात अर्धा तास. आपल्याला महिनाभर लागतो तेवढा उजेड तिकडे पाच-सहा दिवसांत जातो.

असं का होतं? फार अवघड नाही, अकरावीची त्रिकोणमिती पुरते. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत पृथ्वी जितके अंश फिरते तो कोन एच धरा. मग कॉस एच = वजा (टॅन अक्षांश × टॅन क्रांती). क्रांती म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन. एच ची दुप्पट करा, १५ नं भागा, दिवसाचे तास मिळतात. (वातावरणात प्रकाश वाकतो, त्यामुळे खरा दिवस या उत्तरापेक्षा थोडा मोठा असतो, पुण्यात पाच-सात मिनिटांनी आणि ताम्पेरेला पंधरा-वीस मिनिटांनी.) गंमत आहे ती टॅन अक्षांशात. पुण्यासाठी तो ०.३३ येतो आणि ताम्पेरेसाठी १.८४, म्हणजे साडेपाच पट. सूर्य रोज दक्षिणेला सरकतो तो दोघांसाठी सारखाच, पण तिकडे त्या सरकण्याला हा गुणक लागतो. कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर अक्षांश ७० टाकून बघा. फिनलंडच्या अगदी उत्तरेच्या टोकाला जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य मावळतच नाही, आणि ऑगस्ट संपेपर्यंत दिवस साडेपंधरा तासांवर येतो. तिथे दिवसाला पाव तास जातो! एखाद्याचं क्रेडिट कार्डसुद्धा इतक्या वेगानं रिकामं होत नसेल.

दुसरी गोष्ट उंचीची. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. ताम्पेरेला तो अख्ख्या वर्षात जास्तीत जास्त ५२ अंशांवर चढतो, तेही जूनमध्ये. ऑगस्टच्या शेवटी मध्यान्हाला तो ३७ अंशांवर उरलेला असतो. याचा अर्थ साडेपाच फुटी माणसाची भर दुपारची सावली सव्वासात फुटांहून लांब. आपण लहानपणापासून "टळटळीत दुपार" म्हणतो ती तिकडे नसतेच. दिवसभर आपली संध्याकाळी पाचची उन्हं असावीत तसं तिरपं, सोनेरी ऊन. फोटो सुंदर येतात हे खरं, पण सायकल चालवताना तेच ऊन थेट डोळ्यांत येतं. गॉगल ही तिकडे फॅशनची वस्तू नाही, गरजेची आहे.

सूर्य तिरपा उतरतो म्हणून संधिप्रकाशही लांबतो. आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-बावीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. तिकडे ऑगस्टच्या शेवटी पाऊण तास आरामात जातो. महिन्याच्या सुरुवातीला तर रात्रभर उत्तरेकडे एक फिकट पट्टा राहतोच. खगोलशास्त्राच्या हिशोबानं संपूर्ण काळोखी म्हणावी अशी रात्र ताम्पेरेला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा येते. वसंतानंतर प्रथमच आकाशगंगा दिसते. तिथली माणसं त्या काळोखाचं कौतुक करतात, अंगणात मेणबत्त्या लावून बसतात. चार महिने जाड पडदे ओढून झोपलेल्या माणसाला काळोख हासुद्धा पाहुणाच वाटतो!

माणसाला पत्ता लागायच्या आधी झाडांना लागतो. बर्चचं झाड थंडीची वाट बघत नाही, रात्र किती लांबली ते मोजतं. पानांतली रंगद्रव्यं उजेड-अंधाराचा हिशोब ठेवतात, रात्र ठराविक लांबीपलीकडे गेली की झाड वाढ थांबवतं आणि कळ्या मिटून हिवाळ्याच्या तयारीला लागतं. उत्तरेतल्या झाडांचा काटा आणखी आधी पडतो. बाहेर छान २२ अंश असतात, लोक आइस्क्रीम खात असतात आणि झाड मात्र आवराआवर करत असतं. दर वर्षीची थंडी पुढेमागे होते, पण सूर्याचं वेळापत्रक बदलत नाही. सबमिशनची तारीख सरांच्या मूडवरून न ओळखता कॅलेंडरवरून ओळखणारा मुलगा जसा शहाणा, तसंच हे.

आता तापमानाबद्दलही चार शब्द, नाहीतर तुम्ही म्हणाल दादानं मूळ प्रश्न टाळला. फिन लोक ज्या दिवशी पारा २५ च्या वर जातो त्याला "हेल्ले" म्हणतात, म्हणजे कडक उन्हाळा. बातम्यांत इशारे येतात! आपल्याला हसू येतं, मलाही आलं होतं. पण तिकडची घरं उष्णता आत धरून ठेवायला बांधलेली, तिहेरी काचांच्या खिडक्या, छताला पंखा नाही. बाहेर २८ आणि खोलीत ३०, रात्री दहापर्यंत ऊन. त्या खोलीत झोपून दाखवा मग हसा. २९ जुलै २०१० ला तिथे ३७.२ अंश नोंदले गेले, तो त्या देशाचा विक्रम आहे. २०२५ च्या जुलैत देशात कुठे ना कुठे सलग २२ दिवस पारा ३० च्या वर होता. पण अशी लाट ऑगस्टच्या उत्तरार्धात सहसा टिकत नाही. विसाव्या तारखेनंतर एखादी रात्र पाच-सहा अंशांवर उतरते आणि सकाळी गवतावर धुकं बसतं. त्यामुळे एक जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ कपडे न्या, एकावर एक घालता येतील असे, आणि वर वारा-पाऊस अडवणारं काहीतरी. ऑगस्ट हा तिथल्या सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक. घाबरू नका, महिन्याचा मिळून ७०-८० मिलिमीटर. महाबळेश्वरला जुलैत एवढा पाऊस एका दिवसात सहज पडून जातो. तिकडचा पाऊस म्हणजे आपला श्रावण, आता ऊन आता सर. फक्त इंद्रधनुष्य जास्त मोठं दिसतं, कारण सूर्य खाली असतो!

मला त्या महिन्यात सर्वांत जास्त आवडायचं ते पाणी. त्या देशात १ लाख ८८ हजारांच्या आसपास तळी आहेत आणि लोकसंख्या साधारण ५६ लाख. ताम्पेरे तर दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या पट्टीवर वसलंय. उत्तरेकडचं नॅसियार्वी वर, दक्षिणेकडचं प्युहायार्वी १८ मीटर खाली, आणि मधून वाहतो ताम्मेरकोस्की नावाचा जलौघ. या १८ मीटरच्या उतारावर गाव उभं राहिलं. गिरण्या, कागदकारखाने, वीज, सगळं त्यातून. आपल्या हातात एकेकाळी जो नोकियाचा फोन असायचा त्या कंपनीची पहिली लाकडाच्या लगद्याची गिरणी १८६५ मध्ये याच ओघाच्या काठी सुरू झाली. नोकिया हे शेजारच्या गावाचं नाव. मेकॅनिकलच्या मुलांनी पुलावर उभं राहून हेड आणि डिस्चार्जचं गणित करावं, फार मजा येते.

पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी हे आपण पाठ केलेलं असतं. ते अंगाला कळतं ऑगस्टमध्ये. हवा थंड होत जाते पण तळं जूनपासून साठवलेली ऊब सोडत नाही. रात्री हवा ९ अंश आणि तळ्याचा पृष्ठभाग १७-१८, अशी स्थिती असते. पहाटे तळ्यावरून वाफ उठताना दिसते ती यामुळेच. आणि तिकडचा खरा सण म्हणजे सौना. सौना देशात तीसेक लाख असतील असा अंदाज सांगतात. २०२० मध्ये युनेस्कोनं त्यांच्या सौना संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. ताम्पेरेच्या पिस्पाला भागात १९०६ पासून चालू असलेला एक सार्वजनिक सौना आहे, अजून लाकडावर तापतो. ८०-९० अंशांत लाकडी फळीवर बसायचं, तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, सहन होईनासं झालं की तळ्यात उडी! पहिल्यांदा संकोच वाटतो, कपड्यांवरूनही वाटतो. पण सार्वजनिक सौनात पोहण्याचा पोशाख घालायची पद्धत कुठे आहे आणि कुठे नाही हे दारावरच लिहिलेलं असतं, शिवाय विचारलं तर कोणी हसत नाही.

मात्र एक जपा. तळ्याचं पाणी थरांचं असतं. वरचा थर ऊबदार आणि हलका, आणि काही मीटर खाली एकदम ७-८ अंशांचा जड थर. मधे फार थोड्या अंतरात तापमान धाडकन उतरतं. काठाशी उबदार लागलं म्हणून धक्क्यावरून खोल पाण्यात सूर मारला की श्वास अडकतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या गावाकडच्या पोरांना हे लगेच कळेल. शिडीनं उतरा. आणि दारू पिऊन तर नकोच, तिकडे बुडण्याच्या घटनांत तिचा हात मोठा असतो.

शांत, गरम दिवसांनंतर पाण्यावर हिरवट साय दिसली तर पोहू नका. ती नीलहरित शैवाल असते. तिच्यातली विषं त्वचेला आणि पोटाला त्रास देतात, लहान मुलांना आणि कुत्र्यांना जास्त. ओळखायची युक्ती तिकडचे सरकारी लोकच सांगतात. काठीनं उचलून बघायची. काठीला दोऱ्यासारखी लटकली तर साधं शेवाळं, विरघळून पसरली तर नीलहरित असण्याची शक्यता. ग्लासात पाणी घेऊन तासभर ठेवलं आणि हिरवे कण वर तरंगले, तरीही तेच. प्रॅक्टिकलचं जर्नल असतं तर "अपॅरेटस: काठी, ग्लास" एवढंच लिहावं लागलं असतं.

पाण्यानंतर जंगल. देशाचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे आणि तिथे "प्रत्येकाचा हक्क" नावाची जुनी रीत आहे. जमीन कुणाचीही असो, तिथून पायी जायला, रात्र-दोन रात्री तंबू ठोकायला, रानातली बोरं-बेरी आणि अळंबी तोडायला परवानगी लागत नाही. परदेशी माणसालाही नाही. घराच्या अंगणाजवळ जायचं नाही, पिकाच्या शेतात शिरायचं नाही, फांद्या तोडायच्या नाहीत आणि मालकाला विचारल्याशिवाय आग पेटवायची नाही. बस, एवढेच नियम. आपल्याकडे दुसऱ्याच्या बांधावरची चिंच पाडली तर काय होतं हे आठवून मला पहिल्या दिवशी सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं!

ऑगस्टच्या सुरुवातीपासून मुस्तिक्का मिळतात, म्हणजे रानटी ब्लूबेरी. गुडघ्याएवढीही नाहीत अशी झुडपं. खाल्लं की जीभ आणि बोटं जांभळासारखी रंगतात. महिनाअखेरीस लाल पुओलुक्का पिकतात. चव कच्च्या करवंदाच्या जवळची, आंबट-तुरट. यांच्यात मुळातच बेंझोइक ॲसिड असतं, तेच जे सॉसच्या बाटलीवर प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून लिहिलेलं असतं. म्हणून त्या ठेचून नुसत्या बरणीत भरल्या तरी टिकतात. आम्ही त्यात तिखट, मीठ, गूळ आणि मोहरीची फोडणी घालून लोणचं केलं. आमच्या कॉरिडॉरमधल्या फिन पोरानं चाखलं आणि दोन ग्लास दूध प्यायला. तिसरी लाक्का, नारिंगी, दलदलीत उगवणारी, मुख्यतः उत्तरेत, आणि ऑगस्ट लागेपर्यंत तिचा हंगाम संपत आलेला. तिच्या जागा लोक सख्ख्या भावाला सांगत नाहीत म्हणे. फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर तिचंच चित्र आहे.

या गोड गोष्टीला एक कडू बाजूही आहे. बाजारात ज्या बेरी येतात त्या तोडायला बरीच वर्षं थायलंडहून हजारो माणसं येत आली आहेत. त्यांच्या पिळवणुकीचे खटले कोर्टापर्यंत गेले. स्वस्त डबा उचलताना हे माहीत असावं.

बाजारावरून आठवलं. तिकडच्या चौकातल्या बाजारात वाटाण्याच्या शेंगा, बेरी, नवे बटाटे किलोवर नाही, लिटरवर मिळतात! विक्रेता लाकडी किंवा पत्र्याचं माप भरून पिशवीत ओततो. आजीकडचं मापटं आठवलं. वाटाण्याच्या शेंगा घ्यायच्या आणि बाकावर बसून सोलत खायच्या, हा तिथला उन्हाळ्याचा टाइमपास आहे, आपल्या भाजलेल्या कणसासारखा.

अळंबीबद्दल मात्र हात जोडून सांगतो. आपल्याकडे कोकणात, डांगात पहिल्या पावसानंतर अळंबी खाणारी घरं आहेत आणि त्यांचे डोळे तयार असतात. पण ते डोळे तिकडच्या जंगलात उपयोगाचे नाहीत. तिथे एक शुभ्र पांढरी अळंबी आहे, दिसायला अगदी भोळी, आणि तिच्यातलं विष यकृत निकामी करतं. शिजवून ते जात नाही आणि लक्षणं तासांनंतर दिसतात. दुसरी एक तपकिरी अळंबी खाण्याच्या जातीत मिसळून उगवते आणि मूत्रपिंड घालवते. जाणकार स्थानिक माणूस बरोबर नसेल तर तोडू नका. पिवळी कान्तारेल्ली बाजारात मिळते, ती विकत घ्या.

किड्यांचं काय? डास ऑगस्टच्या मध्यापर्यंत बरेच कमी होतात. पण त्यांची जागा घेते हरणमाशी. ही माशी अंगावर बसली की स्वतःचे पंख गाळून टाकते आणि केसांत शिरते. चावणं क्वचितच, पण मानेवरून काहीतरी सरपटतंय ही भावना विसरता येत नाही. टोपी घाला, फिक्या रंगाचे कपडे घाला. गोचिडीही असतात, विशेषतः किनाऱ्याकडे. त्यांच्यापासून लाइम रोग होतो आणि एक प्रकारचा मेंदूज्वरही. मेंदूज्वराची लस आहे, लाइमची साधी लस तिकडे मिळत नाही. रानातून आलात की आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत बघून घ्या. सापडली तर चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढा. रॉकेल-तूप लावायचे गावठी उपाय नकोत.

ज्यांच्याकडे चार दिवस आणि थोडे पैसे आहेत त्यांनी ऑगस्टच्या शेवटी रात्रीची रेल्वे पकडून लॅपलंडला जावं. हेलसिंकीहून रोवानिएमी साधारण ८०० किलोमीटर, आर्क्टिक वृत्ताच्या अगदी कडेला. दक्षिणेत सप्टेंबरअखेर शरद ऋतू सुरू होतो, पण उत्तर लॅपलंडमध्ये तो ऑगस्टअखेरच दारात असतो. (दिवसाचं सरासरी तापमान कायमचं १० अंशांखाली गेलं की शरद, ही तिथल्या हवामान खात्याची व्याख्या.) सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात "रुस्का" येतो. बर्च पिवळा, जमिनीलगतची झुडपं लाल, डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखे दिसतात. आणि उत्तर ध्रुवीय प्रकाश! तो जून-जुलैतही असतो बरं का, सूर्यावरून येणारे कण काही सुट्टी घेत नाहीत. फक्त आकाश उजळ असल्यामुळे दिसत नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मध्यरात्रीच्या आसपास पुरेसा अंधार होतो आणि तो पुन्हा दिसायला लागतो. उणे पंचवीसमध्ये न कुडकुडता, साध्या स्वेटरवर बघता येतो. जानेवारीत त्याच्यासाठी लाखभर रुपये मोजणाऱ्या पर्यटकांना हे कोणी सांगत नाही. तिकडे गाडी चालवणार असाल तर रेनडिअर रस्त्यात उभे असतात, गायी उभ्या राहाव्यात तसेच, हॉर्नला न जुमानता. दक्षिणेत मूस नावाचं घोड्याएवढं हरीण संध्याकाळच्या अंधुक उजेडात रस्त्यात येतं. त्याची धडक म्हणजे गंमत नव्हे.

प्रवाशांनी एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. फिन लोकांचा सुट्टीचा महिना जुलै. ऑगस्टच्या साधारण दहा तारखेनंतर शाळा सुरू होतात आणि उन्हाळी कॅफे, बोटीच्या फेऱ्या, लहान संग्रहालयं एकेक करून बंद होतात किंवा शनिवार-रविवारपुरती उरतात. हवा छान, पण दाराला कुलूप! म्हणून जायच्या आधी वेळा बघून ठेवा. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी किनाऱ्यावर आणि तळ्यांकाठी शेकोट्या पेटवतात, कंदील लावतात. देशात पाच लाखांच्या आसपास उन्हाळी घरं आहेत, ती आवरायची ही वेळ. होड्या काठावर ओढून उलट्या घालतात. ओळखीच्या फिन माणसानं त्या शनिवारी बोलावलं तर नाही म्हणू नका, तो सहज म्हणून बोलावत नसतो.

आता तो कोपरा. आमच्या कॉरिडॉरमध्ये विदर्भातला एक मुलगा होता, हुशार, माझ्या दुप्पट हुशार. ऑगस्टच्या विसाव्या तारखेला आला. बँक, निवास परवाना, कोर्सेसची नोंदणी, सामान लावणं, यात खोलीतच राहिला. चल म्हटलं की म्हणायचा, "जाऊ ना बे, नऊपर्यंत उजेडच तर आहे." सप्टेंबर असाइनमेंटमध्ये गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. आदल्या आठवड्यात पावणेसहाला मावळणारा सूर्य एकदम साडेचारला मावळायला लागतो. नोव्हेंबरच्या वीस तारखेला तो साडेतीननंतर लगेच गेलेला असतो, तोही ढगांमागे. बर्फ अजून टिकत नाही, त्यामुळे जमीनही काळी. मुलगा दुपारी बाराला उठायला लागला. मग एकला. मेसेजला उत्तर नाही. दोन परीक्षा बुडाल्या. घरी फोनवर "मस्त चाललंय आई" म्हणायचा, हे मी भिंतीपलीकडून ऐकत होतो.

शेवटी शेजारच्या फिन मुलीनं त्याला विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे कोणी "मन घट्ट कर" म्हटलं नाही. डॉक्टरनं उजेडाचंच औषध दिलं. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर, आणि दुपारी बाराला रोज बाहेर, ढग असले तरी. आपली वर्गखोली ३००-५०० लक्सची असते. ढगाळ दुपारसुद्धा त्याच्या काही पट उजेड देते, डोळ्याला तेवढा फरक जाणवत नाही पण शरीराच्या घड्याळाला जाणवतो. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही दिल्या. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तेव्हा कातडीला हे जीवनसत्त्व करायला फारसं ऊन मिळत नाही, आणि सावळ्या कातडीला तर जास्तच ऊन लागतं. वर सावलीचं गणित केलंय, ऑगस्टच्या शेवटीच ती सव्वासात फूट असते! म्हणून तर तिथे २००३ पासून दुधात ते घालतात. फेब्रुवारीपर्यंत मुलगा माणसात आला, दोन्ही परीक्षा नंतर सुटल्या. पण एक सेमिस्टर गेलं.

त्यामुळे ऑगस्टमध्ये उतरलात की पहिले तीन आठवडे कागदपत्रं सकाळी उरका आणि रोज चारनंतर बाहेर पडा. जुनी सायकल घ्या, तळ्याचा रस्ता शिकून घ्या, एखाद्या क्लबात नाव घाला. तिथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांचे रंगीत बॉयलर सूट असतात, आपल्या वर्कशॉपच्या खाकीसारखेच, फक्त त्यावर शंभर बिल्ले शिवलेले. त्यांच्या घोळक्यात शिरायचा सर्वांत सोपा काळ ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर, नवीन मुलांसाठी तेव्हा रोज काहीतरी चालू असतं. नोव्हेंबरात तेच लोक दार लावून बसतात, आणि तेव्हा दार वाजवायचं तर ओळख आधी झालेली बरी. घरी फोन करताना लक्षात ठेवा, उन्हाळ्यात आपण अडीच तास पुढे असतो आणि घड्याळं फिरल्यावर साडेतीन तास. आईची झोपायची वेळ चुकवू नका.

सामानात काय? तीन पातळ थर, पावसाचं जाकीट, गॉगल, डोळ्यांवर बांधायची पट्टी (पहिल्या दोन आठवड्यांसाठी), टोपी, चिमटा. गोडा मसाला आणि हिंग घरून, बाकी मसाले तिकडे मिळतात. जाड जाकीट तिथेच घ्या, जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली मिळतात. आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात एक रिफ्लेक्टर घ्या. दोरीला लटकणारा प्लास्टिकचा लहानसा तुकडा असतो, जाकिटाच्या खिशातून गुडघ्याएवढ्या उंचीवर लोंबतो आणि गाडीचे दिवे पडले की चमकतो. अंधारात रस्त्यानं चालताना तो लावावा. दुकानात तो ऑगस्टमध्येच मांडतात. बाहेर लख्ख ऊन असतं, काउंटरवर स्ट्रॉबेरी असतात आणि शेजारी रिफ्लेक्टरची टोपली.